ळ म्हणताना

४ नोव्हेंबर

पुन्हा तोंड आलंय. जिभेच्या शेंड्याखाली एक, खालच्या ओठाच्या आत एक. नवरा म्हणतो, "तुझं तोंड जातं कधी, की परत येतं?" त्याला हसू आलं, मला हसताही आलं नाही, ओठ ताणला की फोड ताणतो. म्हणून आजपासून हे लिहायला घेतलं आहे. जे बोलून दुखतं ते लिहून टाकावं.

आजच ग्रंथपालबाईंनी मला ती मोठी कादंबरी दिली. नऊशेच्या वर पानं. बंदरावरच्या एका घरातल्या तीन सुनांची गोष्ट. आमच्या ग्रंथालयाचा बोलक्या पुस्तकांचा विभाग आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. मी तिथे वाचते. दोन वर्षं लहानसहान पुस्तकं वाचली, बागकामाची, प्रवासाची. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं. बाई म्हणाल्या, "फेब्रुवारी संपायच्या आत व्हायला हवं. रोज लोक फोन करून विचारतात, कधी येणार म्हणून." मी हो म्हटलं. नाही म्हणायला जीभ वळायला हवी होती.

७ नोव्हेंबर

आमचं काम तळघरात चालतं. भिंतींना जाड गाद्या, खिडकी नाही, बाहेर पाऊस पडतोय का ऊन, तेही कळत नाही. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे कानसेन. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. पन्नाशीचे, टक्कल, गळ्यात मफलर, आणि कान असे की माझ्या पोटात गुडगुडलं तरी त्यांना ऐकू येतं आणि वाक्य परत घ्यावं लागतं.

आज पहिलं प्रकरण. मराठीत इतके ळ आहेत हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. शेंड्याखालचा फोड ळ म्हटलं की नेमका घासला जातो. पहिल्याच पानावर काळोख, खळाळ, मासळी, सकाळ. ट आणि ड तर विचारूच नका. ओठावरचा फोड प, ब, म साठी राखीव.

कानसेन काचेपलीकडून म्हणाले, "ताई, थोरली सून रागावलेली आहे का?"

"नाही. ती तर भावाला निरोप देतेय."

"मग तुम्ही तिला का रागावून वाचताय?"

ऐकून पाहिलं. खरंच, दात-ओठ खाऊन बोलल्यासारखा आवाज. सकाळचं सगळं पुसून टाकलं.

१२ नोव्हेंबर

घरी यायला अंधार होतो, जातानाही अंधारच असतो. आईंनी (सासूबाई, माझी आई नाही आता) जेवताना माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिवसभर बडबड केल्यावर तोंड येणारच." बस, एवढंच. गेल्या वर्षी सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. वाईट नाहीत. पण त्यांचं माझं कधी जमून आलं नाही. त्या मोजून बोलतात आणि मी पोटासाठी बोलते. माझ्या कामाला त्या 'ते तुझं खाली बसणं' म्हणतात.

ग्लिसरीन लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या, टूथपेस्ट बदलली. शेजारणीने सांगितलं म्हणून पुदिन्याची पानं चघळली. फोडाला पुदिना झोंबला आणि मी स्वयंपाकघरात एका पायावर नाचले. आई दारात उभ्या होत्या. 

२१ नोव्हेंबर

ग्रंथपालबाई आज खाली आल्या. हसून बोलल्या, पण जे बोलायचं ते बोलल्याच. ठरल्याच्या निम्मंही झालेलं नाही. "तुमचा आवाज या पुस्तकाला शोभतो, म्हणून तर दिलं. पण प्रकृती साथ देत नसेल तर सांगा, दुसऱ्या कुणाला बघू. त्यात कमीपणा नाही."

कमीपणा आहे. शाळेतली नोकरी सोडल्यावर दहा-अकरा वर्षं मी घरात होते. हे पहिलं काम आहे जे माझ्या एकटीचं आहे. नवऱ्याला सांगितलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर अंधाऱ्या बोगद्यांत लोंबकळतो, आणि आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, तीन जिने चढून दमून येतो. त्याच्या डोक्याला आणखी ताप कशाला.

२७ नोव्हेंबर

आज जे लिहिणार आहे ते कुणाला बोललेलं नाही.

शेंड्याखालचा फोड गेला, ओठावरचाही गेला. पण जिभेच्या डाव्या कडेला महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून एक आहे, तो जात नाही. इतके दिवस कुठलाच टिकत नाही. त्याची कड मला जाड लागते. बाबांचंही जिभेच्या कडेलाच सुरू झालं होतं. तेही म्हणायचे, दातच लागतोय, होईल बरं. पुढचं मला लिहायचं नाही.

आरशात जीभ ओढून बघते. दार लावून. दिवसातून कितीदा ते विचारू नये.

२९ नोव्हेंबर

नवरा सकाळी म्हणाला, "आज त्या मोठ्या दवाखान्यातली लिफ्ट बघायला जायचंय. तोंडाच्या डॉक्टर बसतात तिथे. येतेस का, दाखवून टाक एकदा, वाटेतच आहे." किती योगायोग. मी म्हटलं, जाऊ या. गंमत म्हणजे तिथे गेल्यावर त्याने हत्यारांची पेटी गाडीतच ठेवली आणि माझ्यासोबत बाकावर बसून राहिला. म्हणाला, लिफ्ट उघडून देणारा माणूस आलेला नाही. लिफ्ट तर चांगली वर-खाली करत होती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. फार वेळ पाहिलं, बोटाने चाचपलं. म्हणाल्या, "मला हे वाईट वाटत नाही. शेजारच्या दाढेचा एक टवका उडालाय, तिची धार लागत असणार, ती मी आत्ताच घासून टाकते. पण तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला फोड मी नुसता बघून सोडत नाही. एक कण काढून तपासायला पाठवू. आणि वारंवार येणाऱ्या बाकीच्या फोडांसाठी रक्त तपासू."

बाबांचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बरं केलंत, वेळेवर आलात."

मी आले कुठे, मला वाटेतलं म्हणून आणलं.

३ डिसेंबर

अहवाल यायचा आहे. कानसेनांनी वाचायला बसवलंच नाही. "आज मशीन नीट करायचंय," म्हणाले, आणि आम्ही दोघं दिवसभर जुन्या पुस्तकांच्या तबकड्यांवर चिठ्ठ्या लावत बसलो. ते मधूनमधून त्यांच्या मुलीच्या लग्नाचे किस्से सांगत होते. मी फक्त हुं म्हणायचं. हुंला जीभ लागत नाही.

घरी वेगळीच काळजी. आईंना विसरायला होतंय बहुतेक. आठवडाभर बघतेय, भाजीत तिखट नसतं. टोमॅटो नाही, लिंबू नाही. भात मऊ, अगदी लहान मुलाला भरवावा तसा, आणि वर दही. ज्या बाईच्या जेवणाने आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तिने तिखट विसरावं? नवऱ्याला हळूच म्हटलं, आईंना एकदा दाखवायला हवं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "हो, बघू."

मला मात्र दोन घास जास्त जातात, हे खरं.

६ डिसेंबर

वाईट काही नाही.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ पेन धरून बसले होते. आणखी एकदा लिहिते. वाईट काही नाही. डॉक्टरीणबाईंनी दार उघडताच सांगितलं, बसूही दिलं नाही. नवरा बाहेर जाऊन खिडकीशी उभा राहिला, पाठ करून. मी हाक मारली तर म्हणाला, "थांब जरा." दाढ घासल्यापासून तो फोडही सुकत आलाय.

मग रक्ताचं. लोह ठीक, बी-बारा ठीक. ड जीवनसत्त्व मात्र तळाला गेलेलं.

"उन्हात किती असता?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. सकाळी अंधारात बाहेर, दिवसभर तळघरात, संध्याकाळी अंधारात घरी. रविवारी झोप. "ऊन मी पुस्तकात वाचते," म्हटलं.

त्या हसल्या. "ज्यांना असे फोड पुन्हापुन्हा येतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं ड कमी निघतं. अभ्यासांतही तसं दिसलंय. पण कमी आहे म्हणूनच फोड येतात, असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही. भरून काढल्यावर काहींचे कमी होतात, काहींचे होत नाहीत. ताण, झोप, घराण्याचा वारसा, बरंच काही असतं त्यात. पण तुमचं इतकं कमी आहे की हाडांसाठी तरी ते भरायलाच हवं. आठवड्याला एक गोळी, जेवणानंतर. मी सांगेन तितकीच, मनाने जास्त घ्यायची नाही. आणि रोज थोडा वेळ तरी उन्हात बसा. अकराच्या सुमारास, हात उघडे ठेवून."

"अकरा वाजता मी जमिनीखाली असते."

"ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या.

जे अक्षर मला धड उच्चारता येत नव्हतं, त्याचंच जीवनसत्त्व कमी निघावं. गाडीत नवऱ्याला हे सांगितलं. दोघंही खूप हसलो. ओठ ताणला गेला, पण हसलो.

११ डिसेंबर

कानसेनांचा निरोप, आता काम दुपारी साडेबारापासून. वरच्या मजल्यावर सकाळी फरशी घासायचं मशीन लावणार आहेत म्हणे, त्याची घरघर खाली येते. बरं झालं.

पण मोकळी सकाळ काही माझी नाही. आईंनी लोकर आणलीय. नवऱ्यासाठी स्वेटर विणणार. लोकरीची लड दोन्ही हातांवर ताणून धरायला कुणीतरी लागतं, आणि घरात खुर्ची खिडकी सगळं असताना बाईंना बसायचंय गच्चीवरच. "आत लोकरीचा रंग कळत नाही," म्हणाल्या. करडी लोकर. करड्यात काय कळायचंय?

"बाह्या वर कर," त्या म्हणाल्या. "लोकर अडकते."

तर मी गच्चीवर, उघडे हात पुढे करून, कुणी काहीतरी मागायला आल्यासारखी बसले. त्या सावकाश गुंडाळत होत्या. इतकं सावकाश की गोगलगाय पुढे गेली असती. वारा होता, ऊन छान होतं. चिडचिड कमी झाली हेही लिहून ठेवते.

२० डिसेंबर

पाठ विणून झाली आणि आज सगळी उसवली. माप चुकलं म्हणे. दुसऱ्यांदा. पुन्हा लड, पुन्हा माझे हात. एवढी वर्षं विणतात, आपल्या मुलाची पाठ मोजता येईना? जाऊ दे, वयाचं आहे.

आज मात्र त्या थोड्या बोलल्या. तरुणपणी त्या टपालखात्यात तारा पाठवायच्या हे मला माहीतच नव्हतं. दिवसभर लोकांची सुखदुःखं बोटांनी ठोकायच्या. "बारसं, मयत, नोकरी लागली, सगळ्याला ठोका एकच. तुझं बरं आहे," म्हणाल्या, "तुला आवाज तरी बदलता येतो."

मग उगीचच पुढे, "थोरलीने वादळात बोटीवर जायला नको होतं. धाकटीला घेऊन जायचं तरी." कुणाची थोरली, ते मला विचारायचं राहून गेलं. त्यांच्या माहेरची कुणी असेल. आमच्या कादंबरीतही अगदी असंच आहे, गेल्याच आठवड्यात ते प्रकरण श्रोत्यांना फोनवर ऐकायला खुलं झालं, नंबर फिरवला की कुणालाही ऐकता येतं. जगात सगळीकडे त्याच गोष्टी घडतात.

२९ डिसेंबर

या आठवड्यात एकही फोड नाही. थोरलीचं वादळ वाचून झालंय, आता मधलीचं प्रकरण चालू आहे. तिचे सगळे ळ मी मोकळेपणी म्हटले. कानसेनांनी काचेपलीकडून अंगठा दाखवला नाही, ते तसं करत नाहीत. त्यांनी फक्त मफलर काढून ठेवला.

लवकर पोचले होते म्हणून वरच्या मजल्यावर डोकावले. फरशीचं मशीन वगैरे काही नव्हतं. बिघडलं असेल.

९ जानेवारी

परत आला. ओठाच्या आत, उजवीकडे. गोळ्या चालू, ऊन चालू, सगळं चालू, आणि हा परत आला. सकाळी दात घासताना लागला आणि मी आरशासमोर रडले. पुस्तकाची अजून कितीतरी पानं पडलीत.

नेमक्या तेव्हा आईंनी हाक मारली. "चल, लड धर."

"मला रोज रोज लोकर धरायला वेळ नाही," मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडले. "तो स्वेटर तुम्हाला विणायचाय की नुसता उसवायचाय?"

त्या दारात थांबल्या. "बरं," म्हणाल्या आणि एकट्याच वर गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येत होती, एक पाऊल, थांबणं, मग दुसरं.

थोड्या वेळाने मला राहवलं नाही. वर गेले. गच्चीच्या दारातून बघते तर त्यांनी लड रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर अडकवलेली, आणि हात असा झरझर चालला होता की बघता बघता गुंडा झाला. म्हणजे माणूस लागतच नव्हतं. मग मला रोज का बसवायच्या? सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं, या बाईला सोबत हवी असणार, आणि मागायची कशी ते कळत नसणार. मला माझीच लाज वाटली.

मी जाऊन बसले. हात पुढे केले.

"ओरडल्याबद्दल..." मी म्हटलं.

"कुठे आलाय?" त्यांनी विचारलं. मी ओठ उलटा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "लहान आहे मागच्यापेक्षा," म्हणाल्या. मागचा त्यांनी कधी पाहिला कोण जाणे.

१५ जानेवारी

लहानच होता. आठवडाही टिकला नाही, आणि वाचताना नुसता टोचला. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "पूर्ण थांबतील असं वचन मी दिलं नव्हतं. कमी आले, लहान आले, लवकर बरे झाले, यातही पुष्कळ आहे." खरंच पुष्कळ आहे. ज्याच्या तोंडात कधी फोड आला नाही त्याला कळायचं नाही की पाणी पिताना काहीच न होणं हे किती मोठं सुख असतं.

१० फेब्रुवारी

ड आता जिथे असायला हवं तिथे आलंय. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून नुसती मान हलवली, शिक्षिका बरोबर आलेल्या गणितावर हलवते तशी. नवं वर्ष लागल्यापासून एकच फोड, तोही किरकोळ. मी विचारलं, गोळीने झालं, दाढ घासल्याने, की भीती गेल्याने? "मला एकच सांगा असं म्हणू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऊन सोडू नका."

मलाही एकच सांगता येत नाही. पण आभार मानायला एकच कारण लागतं असं कुठे आहे. टूथपेस्टचेसुद्धा मानते.

२४ फेब्रुवारी

कादंबरी संपली. दुपारी चारच्या सुमारास. शेवटचं पान धाकटी सून म्हातारी झाल्यावर बंदरावर उभी आहे, तिथे संपतं. शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. कानसेन काचेपलीकडे तसेच बसून होते, बटण दाबायचं विसरून. मग त्यांचा आवाज आला, "ताई, शांतता जरा जास्त रेकॉर्ड झाली. राहू दे. बरी वाटते."

ग्रंथपालबाई खाली आल्या आणि माझे दोन्ही हात धरले. पुढचं पुस्तक कुठलं ते तुम्हीच निवडा म्हणाल्या. मुदतीत झालं, आणि माझ्या तोंडाने झालं. बाहेर आले तर नवरा गाडी घेऊन उभा. त्या भागातली लिफ्ट बघायला आला होता म्हणे.

३ मार्च

आज आईंना घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. आठवडाभर त्या जिन्यात कठडा धरून चढताना दिसल्या, विचारलं तर म्हणाल्या, हवा बदलली, आणि मी पुढे केलेला हात धरला नाही. मी ऐकलं नाही. वाटेतच आहे म्हणून सांगितलं आणि नेलं.

डॉक्टर वयस्कर, जरा तापट. गुडघा हातात घेतला आणि आईंवरच भडकले. "सुजलाय केवढा. मागच्या वर्षी बजावलं होतं ना, जिना चढायचा नाही? दवाखान्यात यायचं तेवढंच खाली-वर करायचं, हे ठरलं होतं ना आपलं?"

आई भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होत्या.

"कुठे चढता एवढं?"

"गच्चीवर," त्या म्हणाल्या.

"रोज?"

"थंडीपासून."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अहो, तुमचं लक्ष कुठे असतं? गच्चीवर काय आहे एवढं?"

गच्चीवर करडी लोकर होती. तिचा स्वेटर अजून झालेला नाही, एक बाहीसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांसमोर गेले तीन महिने एकदम उलगडले, आणि मी तिथल्या गोल स्टुलावर बसून राहिले.

गुडघ्याला पट्टा दिलाय, विश्रांती सांगितलीय. बाहेर आल्यावर मी त्यांना दवाखान्याच्या पायरीजवळच्या बाकावर बसवलं. नवरा गाडी वळवून आणत होता.

"जिना चढू नका असं तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"डॉक्टर काहीही सांगतात."

"मग माझ्या डॉक्टरांनी उन्हात बसा सांगितलं, ते का ऐकलंत?"

त्या पिशवीतून काहीतरी शोधू लागल्या. रुमाल मिळाला, तो पुन्हा आत ठेवला.

"ते तुझ्याबद्दल होतं," म्हणाल्या.

गाडी आली. मी त्यांना हात दिला, आणि या वेळी त्यांनी तो धरला.